इंग्रजीतल्या ‘चा’चा इतिहास आणि शिक्षकाचे लाल पेन

इंग्रजी शिकणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला पाचवी-सहावीत एक नियम सांगितला जातो. नामाच्या शेवटी वर एक छोटी शेपटी काढायची, तिच्यापुढे ‘एस’ लिहायचा, की झाला ‘चा-ची-चे’. या शेपटीला ॲपॉस्ट्रॉफी म्हणतात. मुले नियम पाठ करतात, शिक्षक त्यावर एक-दोन गुणांचे प्रश्न काढतात. विलायतेत हा नियम बाबा आदमच्या जमान्यापासून चालत आला असावा, असाच सर्वांचा समज असतो. प्रत्यक्षात ही शेपटी नियम म्हणून रुळायला अठरावे शतक उजाडले. आणि साधा इंग्रज बोलताना तो ‘एस’ असा कुठेही चिकटवतो की आपल्या पाठ्यपुस्तकाने कपाळाला हात लावावा.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, इंग्रजी माझा विषय नाही. पण षष्ठी हे माझे रोजचे दुखणे आहे. उर्दूत ‘का-के-की’, लिंगे दोन. मराठीत ‘चा-ची-चे’, लिंगे तीन. एकाच मुलाला दोन्ही शिकवायचे तर मालकी दाखवणारा हा एवढासा शब्दांश काय काय घोळ घालतो, ते मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. मग इंग्रजांनी हे प्रकरण कसे निस्तरले, याची उत्सुकता वाटली आणि वाचत गेलो.

साधारण अकराव्या शतकापर्यंत इंग्लंडमध्ये बोलली जाणारी जुनी इंग्रजी आजच्या इंग्रजाला शिकल्याशिवाय कळणार नाही. तिच्यात संस्कृतसारख्या विभक्त्या होत्या आणि मराठीसारखी तीन लिंगे होती. मालकी दाखवायला एक प्रत्यय नव्हता, अनेक होते. पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांच्या एका मोठ्या गटाला ‘एस’ लागे, बऱ्याच स्त्रीलिंगी नामांना नुसता ‘ए’चा उच्चार, आणखी एका गटाला ‘अन’. अनेकवचनाचे प्रत्यय आणखी वेगळे. या सगळ्याचा पुरावा आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. ट्यूजडे, वेन्सडे, थर्सडे या तीन वारांत मध्ये जो ‘एस’ दिसतो, तो म्हणजे ‘चा’. टिव नावाच्या देवाचा दिवस, वोडनचा दिवस, मेघगर्जनेच्या देवाचा दिवस. मग संडे-मंडेत ‘एस’ का नाही? कारण सूर्य आणि चंद्र या शब्दांना ‘अन’ हा प्रत्यय लागे आणि तो पुढे झिजून गेला. फ्रायडे एका देवीचा, म्हणून तिथेही ‘एस’ नाही. जाता जाता सांगतो, जुन्या इंग्रजीत सूर्य स्त्रीलिंगी होता आणि चंद्र पुल्लिंगी. अरबीतही शम्स स्त्रीलिंगी आणि कमर पुल्लिंगीच आहे.

लेडीबर्ड हा किडा तुम्ही पाहिला असेल, लाल पाठीवर काळे ठिपके असलेला. यातली ‘लेडी’ म्हणजे हजरत ईसा यांची आई मरियम. खरे तर ‘लेडीज बर्ड’ व्हायला हवे होते. पण स्त्रीलिंगी ‘लेडी’ला ‘एस’ लागत नसे, त्या काळाची ही खूण किड्याच्या नावात राहून गेली.

पुढे हे घर ढासळले. उत्तरेत डॅनिश लोकांशी मिसळण झाली, १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबार, कचेऱ्या, न्यायालये फ्रेंच बोलू लागली. शब्दांच्या शेवटचे आघात नसलेले उच्चार आधीच पुसट होत होते, ते आणखी पुसट झाले. लिंगे गेली, विभक्त्या गेल्या. उरला तो एक ‘एस’, आणि मग तो सगळ्यांनाच लागू लागला, पुरुष, बाई, वस्तू, सगळ्यांना. दुसरीकडे ‘ऑफ’ वर आला. हा शब्द इंग्रजीत पूर्वीपासून होता, पण त्याचा अर्थ ‘पासून, कडून’ असा होता. फ्रेंच ‘द’च्या धर्तीवर त्याच्याकडे मालकीचे काम आले. आधी वस्तू, मग मालक.

उर्दू वाचणाऱ्याला यात काहीच नवल वाटणार नाही. आपल्याकडेही हेच घडले आहे. घरचा ‘का-के-की’ आणि दरबारातून आलेली फारसी इजाफत, दोन्ही एका भाषेत सुखाने नांदतात. ‘ताऊस का तख्त’ म्हणा किंवा ‘तख्त-ए-ताऊस’ म्हणा. पहिल्यात मालक आधी, दुसऱ्यात वस्तू आधी. पहिले बोलीतले वाटते, दुसऱ्याला रुबाब आहे. इंग्रजीतही ‘ऑफ’ थोडा लेखी, थोडा भारदस्त, आणि ‘एस’ घरगुती. माणसांसाठी जास्त करून ‘एस’, निर्जीव वस्तूंसाठी जास्त करून ‘ऑफ’ अशी सोय पुढे होत गेली.

खरी गंमत इथून पुढे आहे. चॉसर हा कवी १४०० मध्ये वारला. त्याच्या गोष्टींमधली एक आज ‘द वाइफ ऑफ बाथ्स टेल’ म्हणून ओळखली जाते. बाथ हे गावाचे नाव, त्या गावच्या बाईची गोष्ट. पण जुन्या हस्तलिखितांत तिचा उल्लेख ‘द वाइव्ज टेल ऑफ बाथ’ असा येतो. म्हणजे ‘एस’ बाईला लागला आहे, कारण गोष्ट बाईची आहे, आणि ‘बाथ गावची’ हे शब्द मागून फरफटत आले आहेत. तेव्हाचा नियमच तसा होता. राजाचा मुलगा म्हणायचे तर ‘द किंग्ज सन ऑफ इंग्लंड’. प्रत्यय नामाचा, म्हणून नामालाच चिकटलेला. नंतरच्या दोनेकशे वर्षांत तो तिथून सुटला आणि सगळ्या शब्दसमूहाच्या शेवटी जाऊन बसला. ‘द किंग ऑफ इंग्लंड्स सन’. आता ‘एस’ इंग्लंडला लागला आहे, मुलगा मात्र राजाचाच आहे. ओट्टो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने १८९४ मध्ये इंग्रजीवर पुस्तक लिहिताना या बदलाचा बारकाईने माग काढला. प्रत्यय हा शब्दाचा अवयव असतो, तो एका शब्दावरून उठून दुसऱ्यावर बसत नाही, असे व्याकरण सांगत होते. हा उठला आणि बसला.

मराठीत हा पेच का पडत नाही? कारण आपण नामाचे सगळे वर्णन त्याच्या आधी करतो. ‘इंग्लंडच्या राजाचा मुलगा’. राजा शेवटी येतो, ‘चा’ शेवटी येतो, दोघे आपोआप शेजारी. इंग्रजी मात्र नामाच्या मागे शेपूट लावते, इंग्लंडचा, शेजारचा, काल भेटलेला, सगळे नामानंतर. त्यामुळे प्रत्ययाने नामाजवळ राहायचे की समूहाच्या टोकाला जायचे, हा प्रश्न उभा राहतो. उर्दूत इजाफत आली की नेमके हेच होते, आणि आपल्या लक्षातही येत नाही. ‘शाह-ए-ईरान का बेटा’. ‘का’ कोणाला लागला? ईरानला. बेटा कोणाचा? शाहचा. ‘वजीर-ए-आझम का घर’ म्हणताना तर ‘का’ चक्क ‘आझम’ या विशेषणाला लागतो. हे उदाहरण मी मुलांना दिले, तर दोन मिनिटांत वर्गाला इंग्रजीतला तो ‘एस’ कळला.

बोलताना इंग्रज माणूस हा ‘एस’ कुठवर ओढतो, त्याला सीमा नाही. शेजाऱ्याची गाडी म्हणजे ‘द मॅन नेक्स्ट डोअर्स कार’. इथे तो दाराला लागला. काल भेटलेल्या माणसाची बायको म्हणजे ‘द मॅन आय मेट यस्टरडेज वाइफ’. इथे तो ‘काल’ला लागला. परीक्षेच्या पेपरात कोणी असे लिहिणार नाही, पण चहाच्या टेबलावर कोणाला खटकतही नाही. एकेकाळी ‘दुसऱ्या कोणाचे’ यासाठी ‘समबडीज एल्स’ म्हणायचे की ‘समबडी एल्सेस’ यावर इंग्रजीचे जाणकार वाद घालत. आज पहिले रूप कोणी उच्चारले तर ऐकणारा हसेल.

या सुटलेल्या ‘एस’चे काय करायचे, हे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या लेखकांनाही कळत नव्हते. मग त्यांनी एक अर्थ लावला. हा ‘एस’ म्हणजे ‘हिज’, ‘त्याचा’, याचा तुकडा असणार. उच्चार तसाच होता. ‘हिज’ घाईत बोलताना ‘ह’ गळतो आणि ‘इझ’ उरते, जुन्या प्रत्ययाचा उच्चारही जवळपास तोच. म्हणून लोक सरळ ‘द किंग हिज शिप’ असे लिहू लागले. राजा त्याचे जहाज. बेन जॉन्सनच्या १६०५ मध्ये छापलेल्या नाटकाचे नावच ‘सेजेनस हिज फॉल’ असे आहे.

आपण हसू नये. आपल्या कोणत्याही सरकारी कचेरीच्या पाटीवर काय लिहिलेले असते? ‘जिल्हाधिकारी यांचे कार्यालय’. लग्नपत्रिकेत? ‘श्री. अमुक यांचे चिरंजीव’. वर मी स्वतः ‘हजरत ईसा यांची आई’ असेच लिहिले. नावाला प्रत्यय न लावता पुढे सर्वनाम ठेवायचे आणि मालकी त्याच्यावर सोपवायची, ही तीच रचना. आपल्याकडे ती आदरासाठी आणि नावाचे सामान्यरूप टाळण्यासाठी वापरतात. शिवाय आपले ‘यांचे’ बाई-पुरुष दोघांना चालते. इंग्रजीत घोळ झाला तो तिथेच.

१७११ मध्ये जोसेफ ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’मध्ये लिहिले की हा एकटा ‘एस’ म्हणजे वाडवडिलांच्या ‘हिज’ आणि ‘हर’चा उरलेला अंश. ॲडिसन मोठा लेखक, लोकांनी मानले. त्याच्या आधी १६५३ मध्येच जॉन वॉलिसने ‘हिज’ची ही कल्पना नाकारली होती आणि असा शब्द म्हणजे मालकी सांगणारे विशेषण, असे मत मांडले होते. वॉलिस मुळात गणिती. अनंतासाठी आपण जे आडवे आठाचे चिन्ह काढतो, ते त्याने गणितात आणले. शेवटी १७५५ मध्ये डॉ. सॅम्युएल जॉन्सनने आपल्या शब्दकोशाला जोडलेल्या व्याकरणात हिशोब चुकता केला. ‘एस’ जर ‘त्याचा’ असेल तर ‘वुमन्स ब्यूटी’चे काय? बाईचे सौंदर्य म्हणताना ‘बाई त्याचे’ कसे होईल? मुद्दा इतका साधा आहे की दीडशे-दोनशे वर्षे तो लोकांच्या डोळ्यांवरून कसा गेला, याचेच आश्चर्य वाटते.

पण ‘हिज’वाल्यांना अगदीच मूर्ख ठरवू नये. इंग्रजीच्या सख्ख्या बहिणींत ही रचना जिवंत आहे. बोली जर्मनीत ‘बापाला त्याचे घर’ असे म्हणतात, डच बोलीत ‘यान त्याचे पुस्तक’. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्समध्ये तर ‘त्याचे’ झिजून नुसता ‘सं’सारखा उच्चार उरला आहे आणि तो बाई, पुरुष, गाव, कशालाही लागतो. म्हणजे इंग्रजी पंडितांनी आपल्या ‘एस’ची जी कहाणी कल्पिली, ती तिथे प्रत्यक्षात घडली. ही आफ्रिकान्स भाषा सुरुवातीच्या काळात अरबी लिपीतही लिहिली गेली, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो. केपटाउनच्या मुसलमानांनी मदरशांतून दीन शिकवण्यासाठी ती तशी लिहिली. उस्मानी सुलतानांनी पाठवलेल्या अबू बकर एफेंदी यांचे (पुन्हा ‘यांचे’) अरबी लिपीतले आफ्रिकान्स पुस्तक १८७७ मध्ये इस्तंबूलला छापून निघाले.

राहिली ती शेपटी. ती फ्रेंचांकडून सोळाव्या शतकात आली, अक्षर गाळल्याची खूण म्हणून. मालकीच्या ‘एस’वर ती सर्रास बसली सतराव्या शतकाच्या अखेरीस, आणि अनेकवचनात ‘एस’च्या नंतर द्यायची हा नियम त्याच्याही नंतर ठरला. ‘इट्स’ या शब्दाची कथा आणखी ताजी. १६११ मध्ये छापलेल्या राजा जेम्सच्या बायबलमध्ये मालकीचा ‘इट्स’ एकदाही नव्हता, तिथे ‘हिज’ने काम भागवले होते. पुढे तो शब्द रुळला तेव्हा अनेक लेखक आणि छापखाने त्यावर शेपटी देत. आज तीच शेपटी दिली की आपण मुलाचा अर्धा गुण कापतो. अमेरिकेचे भौगोलिक नावांचे मंडळ १८९० पासून गावा-डोंगरांच्या नावांत ही खूण टाळते. बर्मिंगहॅमच्या पालिकेने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरून ती काढली तेव्हा मोठा गदारोळ झाला. मला यात फारसा रस नाही. ऐकू न येणाऱ्या खुणेवर लोक एवढे का भांडतात, तेच कळत नाही.

मालकी सांगायची म्हणजे फक्त ‘एस’ नव्हे. मराठीत ‘मला भाऊ आहे’, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘माझे घर आहे’ असे वेगवेगळे बोलतो. नाते एका रीतीने, जवळची वस्तू दुसऱ्या. उर्दूतही ‘मेरा भाई’ आणि ‘मेरे पास किताब’ वेगळे. इंग्रजीने हे सगळे ‘हॅव’च्या गळ्यात टाकले. बोलण्यात तो ‘हॅव’ झिजून नुसता ‘व्ह’ राहिला, म्हणून आधाराला ‘गॉट’ आणला. अमेरिकेत मग ‘व्ह’ही गळाला, ‘आय गॉट अ कार’. आणि ‘माझा एक मित्र’? इंग्रजीत ‘अ’ आणि ‘माय’ एकाच खुर्चीवर बसतात, दोघे एकदम मावत नाहीत. म्हणून त्यांना ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ असा वळसा घ्यावा लागतो. आपल्याकडे खुर्च्या दोन आहेत, त्यामुळे आपली मुले बिनदिक्कत ‘माय वन फ्रेंड’ म्हणतात.

आता लाल पेनाकडे येतो.

‘एस’ न लावताच मालकी सांगणारे लोकही इंग्रजीत आहेत. ‘माय ब्रदर कार’. उत्तर इंग्लंडच्या बोलींत हे जुने आहे. जोसेफ राइट यांनी १९०५ च्या आपल्या बोली-व्याकरणात त्याची नोंद केली. राइट स्वतः यॉर्कशरचे, लहानपणी गिरणीत कामाला, पंधराव्या वर्षापर्यंत वाचता येत नव्हते. हाच माणूस पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश त्याने काढला. आपल्या आई-बापाची बोली त्याने अशुद्ध ठरवली नाही, तिचे व्याकरण लिहिले.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतही हा ‘एस’ बऱ्याचदा नसतो. १९६० च्या दशकात विल्यम लबोव यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मुलांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून तपासले. मुलांना ‘एस’ उच्चारता येत नव्हता म्हणावे, तर अनेकवचनाचा ‘एस’ ती व्यवस्थित लावत होती. मालकीचाही नेहमी गळत नव्हता. ‘माझ्या भावाची गाडी’ म्हणताना गळे, पण ‘ही गाडी माझ्या भावाची’ असे म्हणताना हटकून येई. कारण पहिल्यात गाडी शेजारीच उभी आहे, मालकी जागेवरून कळते. दुसऱ्यात पुढे नाम नाही, तिथे ‘एस’ टाकला तर अर्थच बुडेल. याला गलथानपणा म्हणत नाहीत, याला नियम म्हणतात.

पण शाळेच्या लेखी ती चूकच होती. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या प्राथमिक शाळेत काही गरीब कृष्णवर्णीय मुले शिकत होती. ती वाचनात मागे पडली आणि त्यांच्यावर मंद, शिकण्यात अक्षम असे शिक्के बसले. १९७७ मध्ये त्यांच्या आयांनी शाळा मंडळाविरुद्ध फेडरल न्यायालयात दावा लावला. न्यायाधीश चार्ल्स जॉइनर यांनी गरिबीचे आणि संस्कृतीचे मुद्दे बाजूला काढले, भाषेचा ठेवला. जिनिव्हा स्मिदरमन, लबोव अशा भाषातज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. जुलै १९७९ मध्ये निकाल लागला. मुलांच्या घरच्या बोलीची दखल न घेतल्यामुळे शिक्षकांनी, नकळत का होईना, त्यांच्या वाटेत अडथळा उभा केला आणि मंडळाने तो दूर करण्यासाठी पावले उचलली नाहीत, असे न्यायालयाने १९७४ च्या कायद्याच्या आधारे म्हटले. शिक्षकांना ती बोली ओळखायला शिकवा आणि त्या ज्ञानाच्या मदतीने मुलांना प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवा, असा आदेश निघाला. वर्तमानपत्रांनी मात्र ‘आता शाळेत बोली शिकवणार’ अशी हाकाटी केली. निकालात तसे कुठेही नव्हते.

हा निकाल वाचताना मला आमच्या शाळेला भेट देऊन गेलेले एक साहेब आठवत होते. एका मुलीने उभे राहून ‘माझा नाव’ म्हटले आणि त्यांनी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी येत नाही, असा शेरा तिथल्या तिथे मारला. त्या मुलीच्या घरी ‘मेरा नाम’ म्हणतात. उर्दूत नाम पुल्लिंगी, मराठीत नाव नपुंसकलिंगी. तिने ‘चा’ योग्य जागी लावला, सामान्यरूप, क्रम, सगळे सांभाळले, फक्त लिंग घरून आणले. ‘माझा घर’ तसेच. ‘माझी दुकान’ तसेच, कारण उर्दूत दुकान स्त्रीलिंगी आहे. ‘माझी आवाज’ही तसेच, कारण ‘मेरी आवाज’.

आता आठवीच्या वर्गात मी फळ्यावर दोन रकाने आखतो. डावीकडे उर्दू शब्द त्याच्या लिंगासह, उजवीकडे मराठी. किताब ती, पुस्तक ते. पानी तो, पाणी ते. मुले घरून शब्द आणतात, भांडतात, एकमेकांना अडवतात. ‘बाजार’ दोन्हीकडे तो निघाला तेव्हा मागच्या बाकावरून टाळ्या पडल्या. ‘तारीख’ दोन्हीकडे ती. ‘कलम’वर अजून मिटलेले नाही. उर्दूत तो, मराठीत लिहायची ती, आणि कायद्यातले ते. एका मुलाने विचारले, सर, मग तीनशे दोन ते, की ती?